‘कार्ड गेले’ हा निकाल घाईचा

केज तालुक्यातील युसूफ वडगावासारख्या मौज्यात विहिरीला पाणी असावे, डीपीवर वीज यावी, मोटार सुस्थितीत असावी आणि तरीही उभ्या पिकाला पाणी मिळू नये, असा प्रसंग आता अपूर्व राहिलेला नाही. कारण वीज आणि मोटार यांच्या मध्ये अंगठ्याच्या नखाएवढा एक काळा तुकडा येऊन बसला आहे आणि त्याचा हुकूम सुटल्यावाचून स्टार्टरचा खटका पडत नाही. त्या तुकड्याला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. तो ज्या हिरव्या पट्टीवर बसविलेला असतो तिला शेतकरी आणि वायरमन दोघेही ‘कार्ड’ म्हणतात. आणि हे कार्ड एकदा बोलेनासे झाले की ‘कार्ड गेले’ एवढे उच्चारून नवे आणण्याची तजवीज सुरू होते. चौकशीवाचून दिलेला हा निकाल पुष्कळदा चुकीचा असतो, त्याची किंमत शेतकरी भरतो, आणि तो चुकू नये यासाठी लागणारी विद्या दुर्लभ नसूनही आपल्याकडे ती शिकविली जात नाही, एवढेच मला येथे सांगावयाचे आहे.

हा काळा तुकडा शेतात आला तो चैनीखातर नव्हे. शेतीपंपाची तीन फेजची वीज पाळीपाळीने, कधी दिवसा तर कधी ऐन मध्यरात्री, येण्याचा रिवाज मराठवाड्यात दीर्घकाळ चालत आला आहे, आणि अंधारात बांधावरून विहिरीपर्यंत जाण्यातील विंचूकाट्याचे भय ज्याने अनुभवले आहे त्याला या यंत्राची थोरवी समजावून सांगावी लागत नाही. प्रारंभी लोकांनी ‘ऑटो’ बसविले. परंतु वीज येताक्षणीच साऱ्या शिवारातील पंप एकदम सुरू होत आणि डीपीवर असह्य भार पडे, म्हणून वीज कंपनी ऑटो लावू नका असे वारंवार बजावीत आली. पुढे पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ हे उपकरण सिद्ध करून मोबाईल फोनवरून पंप सुरू करण्याची आणि बंद करण्याची सोय शेतकऱ्याच्या हाती दिली आणि २००९ साली नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत त्यांच्या या कल्पनेचा गौरवही झाला. त्यानंतर अनेक उत्पादकांचे मोबाईल स्टार्टर बाजारात आले, २०१९ मध्ये केंद्राची पीएम-कुसुम योजना आणि २०२४ मध्ये राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आली, आणि सौर पंपाच्या कंट्रोलरच्या रूपाने हाच काळा तुकडा सरकारी अनुदानासह शेतात दाखल झाला. तात्पर्य, ज्या तालुक्यात मांजरा धरण आहे आणि त्याच धरणाच्या कोरडेपणाची झळ २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणण्याइतकी तीव्र झालेली ज्या मुलखाने पाहिली आहे, तेथे पाण्याचा प्रश्न आता अंशतः प्रोग्रॅमचाही प्रश्न झाला आहे.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपमध्ये सामावलेला छोटा संगणक होय. शाळांतून आणि छंदिष्टांच्या हाती सर्वत्र दिसणाऱ्या आर्डुइनो उनो या बोर्डावरील एटीमेगा ३२८पी ही चिप घेतली, तर तिच्यात प्रोग्रॅम साठविण्यासाठी ३२ किलोबाइट, चालू कामातील आकड्यांसाठी २ किलोबाइट आणि वीज गेली तरी जपून ठेवावयाच्या नोंदींसाठी १ किलोबाइट एवढीच जागा असते. मोबाईलने काढलेले एखादे छायाचित्रही तीत मावावयाचे नाही, परंतु तिन्ही फेज आहेत की नाहीत ते पाहणे, विहिरीचे पाणी सरताच मोटार थांबविणे आणि मालकाच्या फोनला उत्तर देणे, एवढ्या कामाला ती पुरून उरते. आता कारखान्यातून कोरी निघालेली चिप आपला पहिला प्रोग्रॅम स्वीकारते कशी, हा प्रश्न येतो. एक मार्ग असा की, ‘प्रोग्रॅमर’ नावाचे स्वतंत्र उपकरण तिच्या ठराविक सहा तारांना जोडून तिच्या स्मृतीत थेट लिहावे. दुसरा असा की, या पहिल्या मार्गाने एकदाच एक लहानसा प्रोग्रॅम आत बसवावा आणि पुढचे सारे प्रोग्रॅम साध्या यूएसबी केबलमधून स्वीकारून जागच्या जागी ठेवण्याचे काम त्याच्यावर सोपवावे. हा कायम वस्तीचा लहानसा प्रोग्रॅम म्हणजे बूटलोडर. जुन्या वाड्याच्या देवडीवर बसणाऱ्या पहारेकऱ्यासारखे त्याचे वर्तन असते: दार उघडताच तो क्षणभर कोणी बाहेरचा आला आहे काय ते पाहतो, आलेल्याने ठरलेली खूण सांगितली तर त्याचा ऐवज आत घेतो, आणि कोणीच आले नाही तर वाड्यातील नित्याचा व्यवहार सुरू होऊ देतो. उनोवरील ‘ऑप्टिबूट’ हा बूटलोडर अवघ्या ५१२ बाइटांत, स्मृतीच्या अगदी शेवटच्या टोकाला राहतो. बोर्ड रीसेट झाला की प्रथम तो जागा होतो, सुमारे एक सेकंद संगणकाच्या हाकेची वाट पाहतो आणि मग मुख्य प्रोग्रॅमला वाट मोकळी करून देतो.

ही सोय किती मोलाची आहे हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९६५ साली आलेल्या पीडीपी-८ या संगणकाच्या दर्शनी फळीवर बटणांची एक रांग असे, आणि स्मृती कोरी झाली म्हणजे चालकाने ती बटणे वर-खाली करून, शून्य आणि एक या दोनच चिन्हांत, आरंभीच्या मोजक्या आज्ञा स्वहस्ते आत घालावयाच्या, मग त्या आज्ञांनी कागदी फितीवरील मोठा प्रोग्रॅम वाचून घ्यावयाचा, असा तेव्हाचा परिपाठ होता. पुढे नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथे शिकत असलेल्या आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान या दोन विद्यार्थ्यांच्या कल्पनेतून, एटीमेगा जिच्यात मोडते ती, एव्हीआर जातीची चिप निर्माण झाली, २००५ साली इटलीतील इव्रेआ येथे मास्सिमो बान्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या चिपला बूटलोडर व यूएसबीची जोड देऊन आर्डुइनो हा बोर्ड तयार केला, आणि अभियंता नसलेल्या माणसालाही वेगळा प्रोग्रॅमर विकत न घेता चिपशी बोलता येऊ लागले. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीतील ई-यंत्र प्रकल्पाने अभियांत्रिकी महाविद्यालयांत पोहोचविलेल्या फायरबर्ड-५ या रोबोमध्येही एटीमेगा २५६० चिप आणि तिच्यात बूटलोडर अशीच रचना आहे. ज्ञानाचे दार इतके सताड उघडे झाले असताना गावातील मुलगा त्याच्या उंबऱ्यावरच का अडावा, हा खरा प्रश्न आहे.

तो अडतो तो बहुधा एकाच वाक्यापाशी. बोर्ड जोडला, प्रोग्रॅम लिहिला, ‘अपलोड’ची कळ दाबली, की पडद्यावर केशरी अक्षरांत ‘नॉट इन सिंक’ अशी तक्रार उमटते आणि तिच्यासोबत दहापैकी दहावा प्रयत्न फसल्याची नोंद येते. या वाक्याचा अर्थ एवढाच की, संगणकाने हाक मारली आणि पलीकडून ओळखीचे उत्तर आले नाही. हाक पोहोचलीच नाही, की पोहोचून ऐकणारा झोपेत होता, की ऐकणारा जागा असून वेगळ्याच गतीने बोलत होता, की तो जागेवरच नव्हता, यांपैकी काय घडले ते हे वाक्य सांगत नाही. चार सर्वस्वी भिन्न कारणांची एकच तक्रार पाहून नवशिका त्यांतील सर्वांत भयंकर कारण निवडतो आणि बोर्ड उडाल्याचे जाहीर करतो. जाणकार मात्र सर्वांत स्वस्त कारणापासून तपासाला आरंभ करतो. निदान म्हणतात ते या क्रमालाच.

पहिला तपास केबलचा. मोबाईलबरोबर आलेल्या कित्येक केबलींत चार्जिंगपुरत्या दोनच तारा असतात, माहिती वाहून नेणाऱ्या दोन तारा नसतातच. अशा केबलने बोर्डावरील दिवा उजळतो, सर्व काही ठीक असल्याचा भास होतो, आणि संगणकाला मात्र पलीकडे कोणी आहे याचा पत्ताही लागत नाही. केबल जोडताना आणि काढताना संगणकाच्या यादीत एखादे पोर्ट येते-जाते काय, एवढे पाहिले की हा संशय फिटतो. पोर्ट दिसत नसेल तर दुसरा तपास ड्रायव्हरचा. कारण स्वस्त बोर्डांवर यूएसबीचे भाषांतर करण्यासाठी सीएच३४० नावाची चिनी चिप असते आणि तिच्यासाठी लागणारा ड्रायव्हर प्रत्येक संगणकात आधीपासून असेलच असे नाही. पोर्ट दिसत असेल तर तिसरा तपास बोर्डाच्या निवडीचा. आर्डुइनो नॅनो या लहान बोर्डाच्या जुन्या प्रतींतील बूटलोडर सेकंदाला ५७,६०० बिट या गतीने बोलतो, २०१८ पासूनच्या अधिकृत प्रतींतील १,१५,२०० या गतीने. बाजारात दोन्ही मिळतात, दिसावयास सारखे असतात, आणि मेनूमध्ये ‘ओल्ड बूटलोडर’ हा एक पर्याय निवडला न गेल्यामुळे धडधाकट बोर्ड रद्दीत जातो.

चौथा तपास रीसेटचा, आणि येथे थोडे थांबले पाहिजे, कारण बूटलोडरचे सारे मर्म येथे आहे. बूटलोडर रीसेटनंतरच्या त्या एका सेकंदापुरताच ऐकतो. म्हणून संगणकाने हाक मारण्यापूर्वी बोर्ड रीसेट होणे अवश्य असते. हे काम डीटीआर नावाची तार ०.१ मायक्रोफॅरडच्या एका बारीक कपॅसिटरमधून करते. तो कपॅसिटर सुटला असेल किंवा ती तार जोडलीच नसेल, तर हाक जाते तेव्हा बूटलोडर आपला सेकंद संपवून निवृत्त झालेला असतो. अशा वेळी अपलोड सुरू होण्याच्या नेमक्या क्षणी रीसेटचे बटण हाताने दाबून सोडले आणि प्रोग्रॅम चढला, तर दोष कोठे आहे हे सिद्ध झाले. पाचवा तपास शून्य आणि एक या क्रमांकांच्या पिनांचा: ज्या दोन पिनांतून संगणकाचे बोलणे चिपपर्यंत जाते, त्याच पिनांना जीएसएम किंवा ब्लूटूथचे मोड्यूल जोडलेले असेल, तर दोघे एकाच वेळी बोलू लागतात आणि कोणाचेच कोणाला कळत नाही. अपलोडपुरत्या त्या दोन तारा काढून ठेवल्या की पुष्कळदा सर्व सुरळीत होते. मोबाईल स्टार्टरमध्ये जीएसएमचे मोड्यूल असतेच, तेव्हा ही गोष्ट आपल्या विषयापासून दूरची समजू नये.

इतके करूनही उत्तर आले नाही तर वाट दुभागते. चिपची रीसेट पिन जमिनीच्या तारेला जोडून तिला गप्प करावे, शून्य आणि एक या पिना एकमेकींना जोडाव्यात, आणि संगणकावर टंकलेली अक्षरे परत येतात काय ते पाहावे. परत आली तर संगणक, केबल, ड्रायव्हर आणि यूएसबीची चिप हे चौघेही एकाच वेळी निर्दोष ठरतात व संशय मुख्य चिपवर येतो; परत आली नाहीत तर मुख्य चिपला हात लावण्याचे कारणच उरत नाही. दोन तुकडे वायर आणि अर्धे मिनिट एवढ्यात अर्धी चौकशी निकालात निघते. संशय चिपवर आला तर मग प्रोग्रॅमर घ्यावा, तो नसेल तर दुसऱ्या एखाद्या उनो बोर्डालाच प्रोग्रॅमर बनवावे (त्याच्या रीसेटला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावण्यास विसरू नये, नाहीतर तो स्वतःच रीसेट होत राहतो) आणि त्या सहा तारांतून चिपला तिची ओळख विचारावी. ‘१ई ९५ ०एफ’ असे उत्तर आले तर चिप एटीमेगा ३२८पी असून जिवंत आहे. बूटलोडर तेवढा पुसला गेला आहे, तो पुन्हा बसविला की काम झाले. शेवटची जोडी वेगळी येऊन ‘१ई ९५ १४’ असे उत्तर आले तर ती एटीमेगा ३२८ ही तिची बहीण आहे, आणि तंट्याचे मूळ केवळ नावाच्या गफलतीत आहे.

ओळखही मिळाली नाही, तरीसुद्धा चिप मेली असे म्हणण्याची वेळ आलेली नसते. चिपचे घड्याळ कोणते, रीसेटची पिन रीसेटसाठीच राखावयाची की अन्य कामाला द्यावयाची, चालू होताना प्रथम बूटलोडरकडे जावयाचे की थेट मुख्य प्रोग्रॅमकडे, अशा गोष्टी ‘फ्यूज’ नावाच्या काही नोंदींत ठरविलेल्या असतात. हे फ्यूज जळून तुटणारे नसतात. ते पुन्हा लिहिता येतात. एखाद्याने चुकून बाहेरचे स्फटिक-घड्याळ निवडले आणि बोर्डावर ते स्फटिकच नसले, तर चिप निश्चेष्ट पडते. तिच्या घड्याळाच्या पिनेवर बाहेरून ठोके पुरविले की ती उठून बसते. कोरी चिप तर १ मेगाहर्ट्झ या मंद चालीने चालते, म्हणून प्रोग्रॅमरची गती कमी न करता विचारलेला प्रश्न तिला समजत नाही. रीसेटची पिनच अन्य कामाला दिली गेली असेल तर १२ व्होल्टच्या विशेष पद्धतीने तीही परत मिळविता येते. बाजारातील स्टार्टरांत चिपा नाना प्रकारच्या असतात हे मला मान्य आहे. परंतु ईएसपी८२६६ मध्ये जीपीआयओ-शून्य ही पिन रीसेटच्या वेळी जमिनीला जोडावी लागते, एसटीएम३२ मध्ये बूट-शून्य ही पिन उंचावावी लागते, रास्पबेरी पाय पिकोमध्ये ‘बूटसेल’ची कळ दाबून केबल जोडावी लागते, आणि या तिन्हींत मूळचा बूटलोडर चिपच्या घडणीतच कोरलेला असल्याने तो पुसला जाण्याची भीती नाही. कळ कोणती हे बदलते, चौकशीचा क्रम बदलत नाही. एकच सावधगिरी सर्वत्र सारखी: ४१५ व्होल्टची तीन फेजची वीज तोडून, कार्ड स्टार्टरमधून बाहेर काढूनच ते संगणकाला जोडावे.

हे सर्व इतक्या विस्ताराने सांगितले ते एवढ्यासाठी की, यात अलौकिक बुद्धीला आव्हान देईल असे एकही पाऊल नाही, हे वाचकाच्या ध्यानी यावे. यात लागते ती शिस्त: एका वेळी एकच गोष्ट बदलावी, स्वस्त शक्यता आधी तपासावी, प्रत्येक परीक्षेने निम्मा संशय दूर व्हावा, आणि जे आढळले ते लिहून ठेवावे. बारावी न झालेल्या मुलालाही ही शिस्त साध्य आहे. मग ती आपल्या शिक्षणक्रमात दिसत का नाही? अटल नवोपक्रम अभियानाने २०१६ पासून देशभर सुमारे दहा हजार शाळांत टिंकरिंग प्रयोगशाळा स्थापन केल्या, प्रत्येकीस २० लाख रुपयांपर्यंत अनुदान ठेवले आणि साहित्यात हे बोर्ड दिले. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा दोन वर्षांचा व्यवसाय-अभ्यासक्रम आहे आणि त्यात मायक्रोकंट्रोलरचा भागही आहे. साहित्य आहे, अभ्यासक्रम आहे. परंतु शिकविण्याची तऱ्हा अशी की, पुस्तकात दिलेला प्रोग्रॅम जसाच्या तसा चढवावा, दिवा लुकलुकला की प्रयोग पूर्ण झाल्याची नोंद वहीत करावी, आणि दिवा लुकलुकला नाही तर शेजारच्या गटाचा बोर्ड मागून घ्यावा. यशाचा पाठ गिरविणारा विद्यार्थी अपयशापुढे निःशस्त्र उभा राहतो, आणि दुरुस्तीच्या दुकानात तर येणारे प्रत्येक गिऱ्हाईक अपयशच घेऊन येते.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, तालुक्यातालुक्यातील आयटीआय आणि टिंकरिंग प्रयोगशाळा यांनी मुद्दाम बिघडविलेल्या बोर्डांचा एक संच बाळगावा. एकाची केबल केवळ चार्जिंगची असावी, दुसऱ्याची गती जुनी असावी, तिसऱ्याचा रीसेटचा कपॅसिटर काढलेला असावा, चौथ्याचा बूटलोडर पुसलेला असावा, पाचव्याचा फ्यूज चुकीचा लिहिलेला असावा. आणि प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्याने दोष शोधून कोणत्या क्रमाने व कोणत्या पुराव्यावरून शोधला याचा दाखला लिहून द्यावा. गुण दुरुस्तीला कमी आणि त्या लिखित कारणमीमांसेला अधिक असावेत. यासाठी नवी इमारत नको, नवा फंड नको. वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिलेले नादुरुस्त बोर्ड हेच येथे सर्वोत्तम शिक्षणसाहित्य होय.

दुसरी सूचना भाषेची आहे. युसूफ वडगावाहून अंबाजोगाई दूर नाही, आणि त्या अंबाजोगाईत ज्यांची समाधी आहे त्या मुकुंदराजांनी शके १११० च्या सुमारास वेदान्तासारखा गहन विषय संस्कृतात न ठेवता मराठीत मांडला, असे परंपरा मानते. ब्रह्म आणि माया यांचा विचार ज्या भाषेला पेलला तिला पाच-पन्नास तांत्रिक तक्रारींचा उलगडा पेलणार नाही, असे म्हणण्याचे धैर्य कोणी करू नये. रीसेट, पोर्ट, ड्रायव्हर, फ्यूज हे शब्द जसेच्या तसे राहू द्यावेत, त्यांना कृत्रिम पर्याय घडविण्याचा अट्टहास नको. परंतु अमुक तक्रार दिसली तर प्रथम काय पाहावे, त्यानंतर काय, आणि प्रत्येक परीक्षेच्या फलावरून कोणता निष्कर्ष काढावा, हे चार पानांत सरळ मराठीत लिहून राज्याच्या व्यवसाय शिक्षण खात्याने प्रत्येक आयटीआयच्या भिंतीवर लावावे. हे काम एका अनुभवी निदेशकाला एका उन्हाळ्यात करता येण्याजोगे आहे.

तिसरी सूचना उत्पादकांविषयी आणि सरकारविषयी आहे, आणि तिला विरोध होईल हे मी जाणतो. निदानाची विद्या शिकविली, परंतु कार्डावरील प्रोग्रॅमिंगच्या पिना राळेखाली बुजविलेल्या असल्या, त्यांची नावे पुसलेली असली, आणि मूळ प्रोग्रॅमची फाइल गावातील कारागिराला कधीच मिळावयाची नसली, तर त्या विद्येचा उपयोग मर्यादितच राहणार. उत्पादक म्हणतात की, आम्ही परिश्रमाने लिहिलेला प्रोग्रॅम कोणी चोरून नेऊ नये म्हणून आम्ही कुलूप लावतो. हा हेतू न्याय्य आहे. परंतु त्यासाठी दार बुजविण्याची गरज नाही. एव्हीआर चिपमधील ‘लॉक बिट’ वाचण्यास मनाई करतात, मात्र चिप संपूर्ण पुसण्यास मनाई करीत नाहीत. पुसताना प्रोग्रॅम आणि कुलूप दोन्ही एकदम नाहीसे होतात, चोराला काहीच मिळत नाही, आणि मालकाला मात्र कोरी, पुन्हा उपयोगात आणता येणारी चिप मिळते. गुपिताचे रक्षण आणि दुरुस्तीची मुभा या दोन गोष्टी एकाच चिपमध्ये सुखाने नांदू शकतात, हे चिप घडविणाऱ्यांनीच सिद्ध करून ठेवले आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मोटारीचे रक्षण करणारा प्रोग्रॅम अर्धवट जाणकाराने बदलला, जादा प्रवाहाची मर्यादा वाढवून ठेवली, तर मोटार जळेल, प्रसंगी माणसाच्या जिवावर बेतेल, असे म्हणणाऱ्यांची भीती अनाठायी नाही. तिच्यावर उपाय असा की, ज्या फाइलवर उत्पादकाची डिजिटल सही आहे तेवढीच बूटलोडरने स्वीकारावी. सहीची पडताळणी करणारे बूटलोडर आज सर्रास उपलब्ध आहेत. त्यामुळे प्रोग्रॅम बदलता येणार नाही, परंतु बिघडलेला प्रोग्रॅम काढून तोच सहीचा प्रोग्रॅम पुन्हा चढविता येईल, आणि केजच्या दुकानदाराला कार्ड पुण्यास वा बंगळुरूस पाठवून दिवस मोजीत बसावे लागणार नाही. रब्बीच्या हरभऱ्याला घाटे भरण्याच्या वेळी पाणी हवे असते ते त्याच आठवड्यात. त्यानंतर आलेले दुरुस्त कार्ड पुढील हंगामाच्या कामाचे.

या मागण्या हवेतल्या नाहीत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने पोर्टल सुरू केले, आणि त्याच्या कक्षेत घेतलेल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारे हे एक आहे. तत्त्व सरकारने मान्य केलेले आहेच. उरला आहे तो अंमल. अनुदानावर दिल्या जाणाऱ्या प्रत्येक पंप-कंट्रोलरच्या निविदेत तीन अटी घालाव्यात: प्रोग्रॅमिंगच्या पिना उघड्या आणि नावानिशी छापलेल्या असाव्यात, हमीची मुदत संपल्यावर सहीची मूळ फाइल कोणाही नोंदणीकृत कारागिराला मिळावी, आणि कंपनी बंद पडली तर ती फाइल सरकारच्या दप्तरी आधीच जमा असावी. सार्वजनिक पैशातून घेतलेल्या वस्तूवर सार्वजनिक अटी घालण्यात अन्याय कोणताही नाही.

सौर कृषी पंपांना योजनेप्रमाणे पाच वर्षांच्या दुरुस्तीची हमी असते. २०२४ मध्ये बसविलेल्या पंपांची ती मुदत २०२९ मध्ये संपेल, आणि तेव्हापासून त्या कंट्रोलरांचा सारा भार गावोगावच्या कारागिरांवर पडेल. आज आयटीआयमध्ये दाखल होणारा मुलगा तोवर शिकून बाहेर पडलेला असेल. तो निदान करणारा कारागीर व्हावा की कार्ड बदलणारा विक्रेता व्हावा, याचा निर्णय निविदेच्या अटी लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांनी आणि प्रात्यक्षिकाचे पाठ ठरविणाऱ्या निदेशकांनी याच वर्षी घ्यावयाचा आहे.